कामाआधी परवाना, पायाआधी विमा

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळात घर बांधणारा गवंडी गावातलाच असे. त्याचा बाप, त्याचा आजा, त्याने पूर्वी बांधलेल्या भिंती हे सारे गावाच्या डोळ्यांसमोर असे. काम बिघडले, तर जाब विचारायला चार पावले चालावे लागे. त्या गवंड्याला परवान्याची गरज नव्हती, कारण गावाची ओळख हाच त्याचा परवाना होता. आज पुण्यातून वडोदऱ्याला बदली झालेला कर्मचारी किंवा इंदूरमध्ये निवृत्तीनंतरचे घर बांधणारा शिक्षक ज्या कंत्राटदाराच्या हाती आयुष्याची बचत सोपवतो, त्याची ओळख बहुधा एका व्हिजिटिंग कार्डापुरती आणि एका मोबाइल क्रमांकापुरती असते. ओळखीची जागा व्यवहाराने घेतली. मात्र त्या व्यवहाराला जी कागदपत्रांची शिस्त हवी, ती आपल्याकडे अद्याप आलेली नाही.

गृहकर्ज घेताना ग्राहक व्याजदरातील पाव टक्क्यासाठी तीन बँकांचे उंबरठे झिजवतो. बँकही जागेच्या मालकीचा तीस-तीस वर्षांचा शोध घेते, मंजूर नकाशा तपासते, मूल्यांकनाचा अहवाल मागवते. परंतु कर्जाची रक्कम प्रत्यक्ष ज्याच्या हातून विटा, वाळू, सळई आणि मजुरी यांत रूपांतरित होते, त्याला विचारले जाणारे प्रश्न दोनच असतात : 'चौरस फुटाला दर काय?' आणि 'काम कधी पुरे होईल?' 'आपल्याकडे परवाना कोणता आहे?' आणि 'कामावर अपघात झाला, तर त्याचा विमा कोणाच्या नावे आहे?' हे दोन प्रश्न विचारणारा ग्राहक विरळाच. हे प्रश्न विचारणे हा कंत्राटदारावर दाखवलेला अविश्वास आहे, असाही एक गैरसमज समाजात आढळतो. वस्तुतः या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ग्राहकाची बचत, मजुराचे कुटुंब आणि स्वतः कंत्राटदाराचा धंदा या तिघांचेही भवितव्य अवलंबून असते.

परवाना नेमका कशाचा?

आपल्या देशात खाजगी घराचे बांधकाम किंवा दुरुस्ती करण्यासाठी 'सर्वसाधारण कंत्राटदार' असा देशव्यापी परवाना अस्तित्वात नाही, ही गोष्ट अनेक सुशिक्षित ग्राहकांनाही ठाऊक नसते. केशकर्तनालय चालवण्यासाठी किंवा खाणावळ उघडण्यासाठी स्थानिक संस्थेचे दार ठोठवावे लागते. पण दुमजली घर उभे करण्याचे काम अंगावर घेण्यासाठी एक दुचाकी आणि चार ओळखीचे मुकादम एवढे भांडवल पुरते.

याचा अर्थ कागदपत्रे मुळीच नसतात, असा नाही. उलट ती भरपूर असतात. मात्र प्रत्येक कागद वेगळ्याच गोष्टीची साक्ष देतो. वस्तू व सेवा कराचा नोंदणी क्रमांक हा करनोंदणीचा पुरावा होय. सेवा पुरवणाऱ्याला सर्वसाधारण राज्यांत वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीनंतर ही नोंदणी आवश्यक ठरते. कामाच्या दर्जाशी तिचा संबंध नाही. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी विनाशुल्क मिळते आणि ती कर्ज व शासकीय सवलतींसाठी उपयुक्त आहे. पण तिच्यासाठी कोणी कंत्राटदाराने बांधलेली भिंत तपासून पाहत नाही. दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंद आणि व्यवसाय कराची पावती यांवरून एवढेच कळते, की या नावाचा व्यवसाय या पत्त्यावर आहे. केंद्रीय किंवा राज्य सार्वजनिक बांधकाम विभागाकडील वर्गवार नोंदणी यापेक्षा अधिक वजनदार. तिच्यासाठी पूर्वी केलेली कामे व आर्थिक क्षमता दाखवावी लागते. मात्र तिचा हेतू शासकीय निविदा भरण्याची पात्रता ठरवणे हा आहे, आणि घरगुती कामे करणारे बहुसंख्य लहान कंत्राटदार तिच्या वाटेला जात नाहीत.

खऱ्या अर्थाने कौशल्याशी बांधलेले परवाने दोन क्षेत्रांत आढळतात. पहिले क्षेत्र विजेचे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार वीजसंचमांडणीचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडूनच आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या थेट देखरेखीखालीच करता येते. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यासारख्या किरकोळ कामांना यातून सूट आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून हे बंधन चालत आले असून २०१० व २०२३ च्या विनियमांनी ते कायम ठेवले आहे. दुसरे क्षेत्र पाणी व मलनिस्सारणाचे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातच सर्वेक्षक, संरचना अभियंते यांच्याबरोबर नळकारागिरांनाही परवाना देण्याची तरतूद आहे. म्हणजे ज्या काळी विजेचे दिवेही दुर्मीळ होते, त्या काळात नगरशासनाने नळजोडणी करणाऱ्याची पात्रता तपासणे आवश्यक मानले. संपूर्ण इमारत उभी करणाऱ्याच्या बाबतीत मात्र ही दूरदृष्टी आजही अपुरीच आहे.

जाळे मोठे, छिद्रेही मोठी

कामगारांच्या बाजूने पाहिले, तर कायद्यांची कमतरता नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आणि १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा विलीन झाले. तर सामाजिक सुरक्षा संहितेत १९२३ चा भरपाई कायदा, राज्य विमा, भविष्य निधी आणि बांधकाम उपकर यांचे विषय एकत्र आले. विखुरलेले कायदे एका छताखाली आले, हे स्वागतार्हच आहे.

परंतु या तरतुदींना लागू होण्याच्या मर्यादा आहेत आणि त्या एकापुढे एक मांडून पाहिल्या, की चित्र बदलते. कंत्राटदाराला कामगार परवाना लागतो तो ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तर. १९७० च्या केंद्रीय कायद्यात ही संख्या २० होती. बांधकामाविषयीच्या विशेष तरतुदी लागू होतात त्या किमान १० कामगार असतील तेथे. शिवाय स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेले, ५० लाख रुपयांपर्यंत खर्चाचे घर त्यांच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. जुन्या कायद्यात ही मर्यादा १० लाख रुपयांची होती. राज्य विमा योजनेसाठी सर्वसाधारणपणे १० कामगार, भविष्य निधीसाठी २०. स्थावर संपदा कायदा २०१६ पासून सदनिका घेणाऱ्याच्या पाठीशी उभा आहे. संरचनेतील दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आल्यास विकासकाला ते विनामूल्य दुरुस्त करावे लागतात. पण हा कायदा विक्रीसाठी उभारलेल्या प्रकल्पांचा आहे, आणि भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसतील, तर प्रकल्पाची नोंदणीही अनिवार्य नाही.

आता एखाद्या सामान्य ग्राहकाचे काम डोळ्यांसमोर आणावे. ३० लाखांचे घर, आठ मजूर, एक मुकादम, एक कंत्राटदार. कोणत्याही जाळ्यात हे काम अडकत नाही. देशभर गल्लोगल्ली चालणारी गच्चीच्या गळतीची, प्लास्टरची, रंगकामाची आणि वाढीव खोलीची कामे याच वर्णनाची असतात. मोठ्या प्रकल्पावर सुरक्षा अधिकारी असतो, शिरस्त्राण असते, नोंदवही असते. तिसऱ्या मजल्याच्या सज्जाला बांबूची परांची बांधून रंग देणाऱ्या दोघांकडे यांतले काहीच नसते; उंची मात्र तेवढीच असते.

दायित्व एका मजुरापासून

येथे एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. परवाना आणि नोंदणी यांना संख्येची मर्यादा असली, तरी अपघाताच्या भरपाईचे दायित्व कामगारांच्या संख्येवर अवलंबून नाही. बहुमजली इमारतीच्या बांधकामावर वा दुरुस्तीवर असलेला एकच मजूर कामाच्या ओघात मृत्युमुखी पडला, तरी त्याचा नियोक्ता भरपाईला बांधील असतो. मजूर नैमित्तिक होता, नाक्यावरून आदल्याच दिवशी आणला होता, हा बचाव २००० च्या दुरुस्तीनंतर उरलेला नाही.

या भरपाईचा हिशेब प्रत्येक कंत्राटदाराने आणि ग्राहकाने एकदा तरी कागदावर मांडून पाहावा. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम घेऊन तिला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. १९२३ च्या कायद्याखाली जानेवारी २०२० पासून या हिशेबासाठी १५,००० रुपयांपर्यंतचे वेतन धरले जाऊ लागले. तिसाव्या वर्षासाठी गुणक २०७.९८ आहे. म्हणजे १५,००० च्या निम्मे ७,५००; त्याला २०७.९८ ने गुणले, की होतात १५,५९,८५० रुपये. तोच मजूर कायमचा पूर्णतः अपंग झाला, तर निम्म्याऐवजी साठ टक्के वेतन धरतात आणि रक्कम १८,७१,८२० रुपयांवर जाते. वय पन्नास असेल, तर गुणक १५३.०९ होतो आणि मृत्यूची भरपाई ११,४८,१७५ रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च याशिवाय. देय झाल्यापासून महिन्याभरात रक्कम भरली नाही, तर बारा टक्के व्याज आणि समाधानकारक कारण नसल्यास रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. राज्य विमा योजना जेथे लागू असते, तेथे हा भार ती योजना उचलते; पण आठ मजुरांच्या कामावर ती बहुधा लागू नसते.

पाच लाखांचे रंगकाम घेणारा लहान कंत्राटदार साडेपंधरा लाख रुपये कोठून आणणार? त्याची सारी मिळकत म्हणजे एक टेम्पो, थोडे बांबू, चार पहाडी आणि बाजारातली उधारी. कायदा मृताच्या पत्नीला हक्क देतो, पण देणाऱ्याची झोळीच रिकामी असेल, तर तो हक्क निकालपत्रातच राहतो. व्यवहारात मग तडजोड होते. पन्नास हजार, लाख रुपये हातावर ठेवले जातात, अंत्यविधीचा खर्च दिला जातो, आणि दूरच्या जिल्ह्यातून वा परराज्यातून आलेले कुटुंब पोरके होऊन गावी परतते. कायद्याने दायित्व घातले, परंतु ते पेलण्यासाठी विमा घेण्याची सर्वसाधारण सक्ती घातली नाही. सारी कोंडी येथे आहे. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार त्रयस्थ पक्षाचा विमा नसलेली दुचाकीही रस्त्यावर आणता येत नाही. वीस माणसे परांचीवर चढवणाऱ्याला मात्र अशी कोणतीही आडकाठी नाही.

ग्राहकाची बाजूही सर्वस्वी सुरक्षित नसते. आपल्याच व्यवसायाचे काम कंत्राटदाराकडून करून घेणारा, उदाहरणार्थ उपकंत्राटदार नेमणारा विकासक, मुख्य नियोक्ता म्हणून भरपाईस जबाबदार धरला जातो. ती रक्कम त्याने नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी, अशी कायद्याची योजना आहे. स्वतःचे घर दुरुस्त करणाऱ्या कुटुंबाला हे कलम सरळ लागू होत नाही. परंतु 'कंत्राटदार कशाला, रोजंदारीवर माणसे लावू' असे म्हणून जो घरमालक स्वतःच मजूर नेमतो, स्वतःच हजेरी घेतो आणि स्वतःच मजुरी वाटतो, तो स्वतःच नियोक्ता ठरू शकतो. गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीत तर वाद कोणत्या बाजूला झुकेल, हे करारपत्राच्या मजकुरावर आणि प्रत्यक्ष कारभारावर अवलंबून राहते. निकाल काहीही लागो. काम बंद पडणे, पोलिसांचे पंचनामे, न्यायालयाच्या तारखा आणि सभासदांतील कलह यांतून संस्थेची सुटका होत नाही.

विमापत्र आहे, पण वाचले कोणी?

'आमचा विमा आहे, साहेब' एवढ्या शब्दावर अनेक ग्राहक संतुष्ट होतात. विम्याचे प्रकार मात्र भिन्न आहेत आणि एकाचे काम दुसरा करत नाही. कामगार भरपाई विमापत्र मजुरांच्या अपघाताचे दायित्व उचलते. 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' या नावाने ओळखले जाणारे विमापत्र चालू बांधकामाच्या नुकसानीसाठी असते. त्याच्या दुसऱ्या विभागात त्रयस्थ पक्षाला झालेल्या इजेचे व नुकसानीचे संरक्षण मिळते. यंत्रसामग्रीचा विमा आणखी निराळा. घरमालकाने गृहकर्जासोबत घेतलेला घराचा विमा यांपैकी कशाचीही जागा घेऊ शकत नाही.

कामगार भरपाई विम्यात हप्ता ठरतो तो घोषित वेतनावर आणि कामाच्या स्वरूपावर. हप्ता वाचवण्यासाठी पाच मजूर दाखवायचे आणि कामावर पंधरा ठेवायचे, ही पळवाट अनेकांना सोपी वाटते. दावा आला, की तीच पळवाट गळ्याशी येते. उपकंत्राटदाराची माणसे वेगळी घोषित केलेली नसतील, तर ती संरक्षणाबाहेर राहू शकतात. वैद्यकीय खर्चासाठी बहुधा जादा हप्ता भरून विस्तार घ्यावा लागतो. विलंबाबद्दल झालेला दंड विमा कंपनी भरत नाही.

बांधकामाच्या विम्यात रक्कम कमी दाखवण्याचा मोह असाच महागात पडतो. काम २० लाखांचे असता विमा १० लाखांचाच घेतला आणि ४ लाखांची हानी झाली, तर सरासरीच्या तत्त्वाने हानीचीही निम्मीच रक्कम, म्हणजे २ लाख रुपये, ग्राह्य धरली जाते आणि तीतूनही विमाधारकाने सोसावयाचा ठरावीक हिस्सा वजा होतो. दुरुस्तीच्या कामात आणखी एक बाब महत्त्वाची आहे. विमा असतो तो नव्या कामाचा. मूळ इमारत, शेजारची भिंत, खालच्या मजल्यावरील सदनिका यांचे संरक्षण स्वतंत्रपणे मागून घ्यावे लागते. जुन्या इमारतीत खांब सोलून पुन्हा भरण्याचे काम काढणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने खरा धोका त्या मूळ इमारतीलाच असतो. विमापत्राची मुदत हा सर्वांत साधा आणि सर्वाधिक दुर्लक्षित तपशील. सहा महिन्यांचे काम पावसामुळे दहा महिने लांबते, आणि विमा मात्र सहाव्या महिन्यातच संपलेला असतो.

परवानाराजाची भीती

कंत्राटदारांसाठी परवाना आणि विमा बंधनकारक करावा, असे म्हटले, की एक आक्षेप तत्काळ पुढे येतो. १९९१ नंतर देशाने ज्या परवानाराजातून कष्टाने मान सोडवून घेतली, ते मागील दाराने परत आणायचे काय? आणखी एक खिडकी, आणखी एक शिक्का, आणखी एक 'चहापाणी'. जो गवंडी वीस वर्षांच्या अनुभवावर स्वतंत्रपणे कामे घेऊ लागला आहे, त्याला अर्ज भरता येणार नाही. जो काहीच न जाणता अर्ज भरण्यात तरबेज आहे, त्याच्या भिंतीवर मात्र परवाना झळकेल. हा आक्षेप हवेतला नाही. कागदी नियमांनी लहान माणूस बाहेर फेकला जातो, हा अनुभव आपल्या शहरांनी अनेकदा घेतला आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. विम्याचा हप्ता अखेरीस ग्राहकाच्याच देयकात चढणार. हेही खरे आहे. मात्र आज तो खर्च नाहीसा झालेला नाही. तो मजुराच्या कुटुंबाने मुकाट्याने उचललेला आहे. स्वस्त पडणाऱ्या अंदाजपत्रकातील 'बचत' पुष्कळदा याच गोष्टीतून आलेली असते. विमा घेणारा प्रामाणिक कंत्राटदार दर थोडा जास्त सांगतो आणि विमा न घेणाऱ्यासमोर हरतो. सर्वांना समान अट लागू झाली, तर निदान ही अन्याय्य चढाओढ थांबेल.

तिसरा आक्षेप अंमलबजावणीचा. बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकराचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. १९९६ च्या कायद्याने हा उपकर कामगारकल्याणासाठी सुरू झाला. परंतु जमा झालेला निधी कामगारांपर्यंत पोचत नाही, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तीव्र शब्दांत नाराजी व्यक्त केली. पैसा गोळा करणारी यंत्रणा उभी राहिली. मजुराचे नाव नोंदवहीत आणणारी यंत्रणा मागे पडली. नवी अट घालताना हा धडा विसरून चालणार नाही.

मग मार्ग कोणता?

या आक्षेपांचे उत्तर परवाना टाळण्यात नसून तो साधा करण्यात आहे. महानगरपालिका व नगरपालिका यांनी कंत्राटदारांची खुली नोंदवही ठेवावी. तीत नाव असण्यासाठी तीनच गोष्टी पुरेशा मानाव्यात : ओळख व पत्ता, अनुभवाचा साधा पुरावा, आणि चालू मुदतीचे कामगार भरपाई व त्रयस्थ पक्ष विमापत्र. अधिकाऱ्याच्या मर्जीला त्यात वाव नसावा. कागद पुरे असतील, तर नोंद आपोआप व्हावी. विम्याची मुदत संपली, की नावापुढे तशी खूण यावी. तक्रारी आणि त्यांचा निकालही त्याच नोंदीत दिसावा. एकट्याने काम करणारा गवंडी, सुतार, रंगारी यांना या बंधनातून वगळावे. अट लागावी ती दुसऱ्याला कामावर ठेवणाऱ्याला. बांधकाम परवानगीच्या अर्जावर वास्तुविशारद व संरचना अभियंता यांची नावे आजही लिहावी लागतात. त्याखाली कंत्राटदाराचे नाव आणि विमापत्राचा क्रमांक यांसाठी दोन ओळी वाढवणे अवघड नाही.

ही कल्पना अपूर्व नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कंत्राटदारांना परवाना देणारे मंडळ १९२९ पासून कार्यरत आहे. सर्वसाधारणपणे चार वर्षांचा अनुभव, परीक्षा आणि २०२३ पासून २५,००० डॉलरचे हमीपत्र या तेथील अटी आहेत. परवानाधारकाची स्थिती कोणाही नागरिकाला पाहता येते. तेथेही लहान कामांना सूट आहेच. १ जानेवारी २०२५ पासून ती मर्यादा १,००० डॉलर झाली. ही व्यवस्था जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. नाक्यावर उभा राहणारा मजूर आणि त्याला घेऊन जाणारा मुकादम हे आपल्या बांधकामाचे वास्तव आहे. घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की परवाना, विमा आणि तक्रार या तिन्ही बाबी एकाच ठिकाणी ग्राहकाला पाहता याव्यात.

विमा कंपन्यांनीही आपला वाटा उचलावयास हवा. तीन महिन्यांच्या, सात-आठ मजुरांच्या कामाला साजेसे, एका पानात समजणारे आणि मराठीसह सर्व भारतीय भाषांत उपलब्ध असणारे विमापत्र मिळाले, तर लहान कंत्राटदार त्यापासून दूर राहणार नाही. आज त्याला विमा नको असतो, त्याहून अधिक तो कळत नसतो.

बँक आणि ग्राहक यांचा वाटा

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर व्यवहारातील शिस्त ग्राहकाच्या हातात आहे. गृहकर्जाची रक्कम टप्प्याटप्प्याने वितरित होते. प्रत्येक टप्प्याच्या वेळी विमापत्राची मुदत पाहण्याची सवय ग्राहकाने लावून घेतली, तर त्यासाठी वेगळा खर्च नाही. करारपत्र साध्या कागदावर का होईना, पण लेखी असावे. त्यात कामाचे वर्णन, हप्ते, दोषदुरुस्तीचा कालावधी, त्यासाठी राखून ठेवावयाची रक्कम आणि विम्याची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट असावे. विमापत्राची प्रत मागावी. तोंडी आश्वासनावर थांबू नये. शक्य असेल, तेथे घरमालकाचे किंवा संस्थेचे नावही विमापत्रात नोंदवून घ्यावे. वीजजोडणी करणाऱ्याचा परवाना क्रमांक करारात लिहावा. कंत्राटदाराने घातलेल्या अटींना उत्तर म्हणून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहेच. घरबांधणी ही त्या कायद्याच्या दृष्टीने 'सेवा' आहे; मात्र पावती आणि करार नसलेल्याची तक्रार लंगडी पडते.

मजुरी बँकखात्यातून देण्याचा आग्रह हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरू शकेल. अपघातानंतर मजुराच्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा. हा मनुष्य अमुक कंत्राटदाराच्या कामावर होता, हे सिद्ध कसे करायचे? हजेरीपट बहुधा मुकादमाच्या खिशात असतो आणि अपघातानंतर तो सापडत नाही. पासबुकातील दर आठवड्याची नोंद मात्र कोणालाही फाडून टाकता येत नाही. त्याच खात्यातून वर्षाला अवघे २० रुपये कापून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २ लाखांचे अपघात संरक्षण मिळते. वय १८ ते ७० वर्षे असावे लागते. १८ ते ५० या वयोगटाला जीवनज्योती योजनेत ४३६ रुपयांत २ लाखांचे जीवन विमा संरक्षणही घेता येते. या योजना कंत्राटदाराच्या दायित्वाची जागा घेत नाहीत, हे मात्र त्याला ठामपणे सांगितले पाहिजे. दोन लाख आणि साडेपंधरा लाख यांतील अंतर भरून काढण्यासाठी वेगळे विमापत्र लागतेच.

शाखेत काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला या बाबतीत बरेच काही करता येण्यासारखे आहे. खेळत्या भांडवलासाठी किंवा बँक हमीसाठी येणाऱ्या लहान कंत्राटदाराकडे ताळेबंदाबरोबर विमापत्रही मागितले, तर ती अडवणूक नव्हे, सल्ला ठरेल. कारण एका अपघाताने बुडणारा कर्जदार बँकेलाही परवडणारा नाही. २०२२ पासून विमा कंपन्यांच्या हमीपत्रांचा पर्यायही शासकीय कामांसाठी खुला झाला आहे. ज्या कंत्राटदाराचे कागद नीट आहेत, त्यालाच अशा सोयींचा लाभ घेता येईल. शाखेच्या नूतनीकरणाचे, फर्निचरचे वा एटीएमचे काम निघते, तेव्हा बँक स्वतःही काम देणाऱ्याच्या भूमिकेत असते. ग्राहकाला जी शिस्त सांगायची, ती आपल्या आवारात प्रथम पाळली जावी, ही अपेक्षा रास्तच आहे.

घर पुरे झाले, की वास्तुशांत होते. गवंड्याला, सुताराला, बिगाऱ्यांना टोपी-उपरणे देऊन मान देण्याची रीत महाराष्ट्रात अजूनही अनेक घरांत पाळली जाते. ज्या हातांनी घर उभे केले, त्यांच्याविषयीची कृतज्ञता त्या रीतीत आहे. काम सुरू होण्याआधी त्याच हातांचा विमा आहे की नाही, एवढे विचारले, तर त्या कृतज्ञतेला खरा अर्थ येईल. पायाभरणीच्या मुहूर्तासाठी पंचांग पाहिले जाते; त्याच दिवशी कंत्राटदाराचा परवाना आणि विमापत्रावरील तारीखही पाहिली जावी.